हात लावल्याशिवाय निळा नाही

आमच्या शहापूरच्या कार्यालयात एकही टेबल भिंतीला समांतर नव्हतं. इमारत रस्त्याच्या कलानं बांधलेली, रस्ता टेकडीच्या कलानं गेलेला, पण टेबलं मात्र सगळी उत्तरेला तोंड करून मांडलेली. त्यामुळे नवीन माणूस आत शिरला की त्याची मांडी कुठल्या तरी कोपऱ्यावर आपटायचीच. पहिल्या दिवशी माझीही आपटली. मी कळवळलो तेव्हा खिडकीजवळून आवाज आला, "भाऊसाहेब, टेबल बरोबर आहे. भिंत चुकलीय."

त्या आमच्या व्यवस्थापक. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणायचो. मूळच्या सांगलीकडच्या, दुष्काळी पट्ट्यातल्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका खासगी कंपनीनं शहापुरात एसटी स्टँडजवळ, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर जागा घेतली आणि शहापूर-मुरबाडची गावं, वाड्या, रस्ते, विहिरी संगणकातल्या नकाशावर आणायचं काम सुरू केलं. या कामाला जीआयएस म्हणतात. नकाशावरच्या एका ठिपक्यावर क्लिक केलं, की ती विहीर कधीची, पाणी किती महिने टिकतं, हे सगळं समोर यायचं. लोकांना ते समजावणं अवघड होतं. माणसं जिना चढून येत आणि विचारत, "सातबारा हितं भेटतो का?" नाही म्हटलं, की "मंग एवढे कंपुटर कशाला?" म्हणून उतरून जात.

मी तिथं हिशेब आणि हजेरी बघायला होतो. घर शहापुरातच, घरची भातशेती. आकडा बरोबर असावा एवढीच माझी कामाची कल्पना. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी मॅडमना विचारलं, की टेबलं फिरवून नक्की काय साधतं.

"स्क्रीनवर उत्तर वरच्या बाजूला असते," त्या म्हणाल्या. "माणूस उत्तरेकडे बघत बसला, की नकाशातला उजवा हात आणि जगातला उजवा हात एक होतो. चुका कमी होतात."

"कमी होतात याला पुरावा?"

त्यांनी रागावायला हवं होतं. पण त्यांनी टेबलं फिरवण्याआधीच्या आणि नंतरच्या दुरुस्त्या काढून माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाल्या, "तुम्हीच मोजा." मी मोजल्या. कमी झाल्या होत्या. त्या दिवसापासून मी माझंही टेबल तिरकं करून घेतलं.

वीज गेली की इतर कार्यालयांत लोक चहाला जात. आमच्याकडे मॅडम सगळ्यांना गच्चीवर नेत. "डोळे मिटा. माहुली कुठे? धसई कुठे? उंबरमाळी?" सगळ्यांनी बोट दाखवायचं, मग डोळे उघडायचे. दहा माणसांची दहा बोटं दहा दिशांना बघून खालचा गिरणीवाला हसायचा. "ओ मॅडम, पोरांना नाचाया शिकवता का?" मॅडम त्यालाही सोडत नसत. "तुमचं घर कुठल्या बाजूला? डोळे मिटून दाखवा." त्यानं दाखवलं ते नेमकं उलट्या बाजूला. तेव्हापासून आम्ही त्याच्याकडे बोट दाखवून हसायचो, आणि तो म्हणायचा, "घरी जायाला पाय हायत ना, बोट कशाला पायजे?"

खोली बंद असो, पाऊस असो, त्यांचं बोट कधी चुकलेलं मी पाहिलं नाही. एकदा पावसाळ्यात उंबरमाळीच्या वरच्या अंगाला आम्ही चौघं धुक्यात अडकलो. हातभर अंतरावरचं झाड दिसत नव्हतं. दोघांनी दोन वाटा धरायचा आग्रह केला. मॅडम म्हणाल्या, "कुणी बोलू नका." आम्ही ओल्या दगडांवर गप्प बसलो. बऱ्याच वेळानं मागून, खालून, गाडीचा भोंगा आला. त्यांनी तिकडे पाठ केली. मग पुढून, जरा डावीकडून, कोंबडा आरवला. "चला," त्या म्हणाल्या, आणि आम्ही थेट वाडीतल्या पहिल्या अंगणात निघालो. मी ही गोष्ट घरी सांगितली तेव्हा बायको म्हणाली, "कोंबडा तर कुनीपन ऐकतो." खरं आहे. पण आम्ही तिघं बोलत होतो, म्हणून तो आम्हाला ऐकू येत नव्हता.

अंतराच्या बाबतीत त्या फार हट्टी. "हे काय, इथंच" हे उत्तर त्यांना चालत नसे. विहीर किती लांब, असं वाडीतल्या बाईला विचारलं, की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असे. "रिकाम्या हंड्यानं, की भरलेल्या?" आमच्या नकाशात प्रत्येक पाणवठ्याला दोन अंतरं लिहिलेली असत, जायचं एक आणि यायचं एक. कंपनीच्या मालकांना हे वेडेपण वाटायचं. रस्ता तोच, तर अंतर दोन कसं? मॅडम म्हणत, "साहेब, एकदा हंडा घेऊन चढून बघा."

त्यांचा सगळ्यात मोठा नियम निळ्या रंगाचा. नकाशावर निळा म्हणजे पाणी. उपग्रहाच्या छायाचित्रात पाणी कितीही स्पष्ट दिसो, तलाठ्यांनी सांगितलेलं असो, आमच्यापैकी कुणीतरी तिथं जाऊन त्या पाण्यात हात घातल्याशिवाय मॅडम त्या जागेला निळा देऊ देत नसत. कामावरची मुलं, सगळी आसपासच्या गावांतली, बाहेरून आली, की "ओलं झालं का?" हा पहिला प्रश्न. हात ओला झाला असेल तर निळा. नसेल तर ती जागा पांढरी राहायची. या नियमापायी आमचं काम इतरांपेक्षा सावकाश चालायचं आणि मालकांचे फोन यायचे. मी मनातून मालकांच्या बाजूचा होतो, हेही लिहून टाकतो. पण त्यांनी निळा दिलेल्या जागी कुणी गेलं आणि पाणी मिळालं नाही, असं कधी घडलं नाही.

हा नियम एकदाच मोडला गेला.

त्या वर्षी दोन्ही तालुक्यांतल्या पाणी नसलेल्या वाड्यांची सरकारी यादी आमच्या नकाशावरून होणार होती. यादीत नाव आलं, तर त्या वाडीला नळाची योजना. नाही आलं, तर पुढची यादी कधी, ते कुणालाच ठाऊक नाही. मुदत जवळ आली आणि मुरबाडच्या डोंगरातल्या, जिथं जीप जात नाही अशा वाड्या राहून गेल्या. मालकांनी निर्वाणीचा फोन केला. मॅडमनी दोन दिवस ते टाळलं. शेवटी त्यांनी त्या राहिलेल्या वाड्यांपुरतं ठरवलं, की छायाचित्रात पाणी दिसतंय तिथं निळा द्यायचा. आदल्या उन्हाळ्यातल्या त्या छायाचित्रात पाणी काळं दिसायचं. मुलांनी काळे डाग शोधून निळे केले, मॅडमनी एकेक तपासला, सही केली. नकाशा गेला. वरून शाबासकी आली, पेढे आले. मॅडमनी पेढा खाल्ला नाही. भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर त्यांनी त्या प्रत्येक निळ्याजवळ पेन्सिलीनं बारीक "न" काढला. न पाहिलेलं. आणि त्या रविवारपासून एकेक "न" खोडायला एकट्या निघू लागल्या.

एप्रिलमधला एक रविवार. मला बायकोला घेऊन सासुरवाडीला धसईला जायचं होतं, मॅडमना धसईच्या वरच्या एका वाडीत. तिला आपण वरची वाडी म्हणू. मुरबाडहून एकाच जीपमध्ये बसलो. धसईला उतरल्यावर बायको म्हणाली, "एकट्या कशा जातील? जा त्यांच्या संगती, जेवायला या." म्हणून मी त्यांच्याबरोबर चढलो.

वाडीच्या अलीकडे वाटेत एक वयस्क बाई भेटली. डोक्यावर दोन हंडे, एकावर एक. आम्हाला बघून थांबली, पण हंडे उतरवले नाहीत.

"कोनाकडं गो जायाचं?"

"मावशी, तुमच्या वाडीजवळचं तळं बघायचंय," मॅडम म्हणाल्या.

"तळं?" तिनं मान न हलवता आम्हाला खालून वर पाहिलं. "हितं कुठलं आलंय तळं? माजा जलम गेला पानी वाहून."

"फोटोत दिसतंय, मावशी. आकाशातून काढलेला फोटो आहे."

"मंग फोटूतच भरा हंडा," ती म्हणाली आणि चालू लागली. थोडं पुढं जाऊन वळून न बघताच ओरडली, "भरला तर मला बी हाक मारा गो!"

मॅडमच्या हातात जीपीएसचं यंत्र होतं. आकडे बघत आम्ही वाडीच्या मागच्या उतारावर गेलो. आकडे जुळले तिथं मॅडम थांबल्या. समोर सगळा उतार काळा होता. वाडीतल्या सगळ्या घरांची तेवढीच मातीची जमीन, बाकी कातळ, म्हणून सगळ्यांचे तुकडे एकाला एक लागून, आणि सगळे भाजलेले. मॅडम उकिडव्या बसल्या आणि सवयीनं, पाण्यात घालावा तसा, त्यांनी हात मनगटापर्यंत खाली घातला. वर काढला तेव्हा तो काळा झाला होता.

त्या हाताकडे बघत राहिल्या.

"मॅडम, हा राब आहे," मी म्हणालो. आमच्याकडे हे कुणाला सांगावं लागत नाही. पावसाआधी रोपं टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, कवळं म्हणजे तोडलेल्या डहाळ्या पसरून आग देतात. तणाचं बी मरतं, राखेनं जमीन तयार होते, मग पाऊस आला की भाताचं, नाचणीचं बी पेरायचं. सांगलीकडच्या ज्वारीच्या मुलखात वाढलेल्या माणसानं हे बघायचं कारणच नव्हतं.

"दरवर्षी?"

"दरवर्षी. याच दिवसांत."

"सगळ्या वाड्यांत?"

"भात-नाचणी आहे तिथं सगळीकडे."

त्या उठल्या. वाटलं होतं परत फिरतील. पण त्या मघाच्या बाईच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, "मावशी, तळं नाहीच. पाणी कुठून आणता ते दाखवाल?" बाई पुन्हा रिकामा हंडा घेऊन निघाली. ती पुढं, मॅडम मागे, मी त्यांच्या मागे. खाली ओढा कोरडा पडला होता आणि त्याच्या वाळूत एक खड्डा खणलेला होता. तळाशी वाटीभर पाणी. बाई वाटीनं ते हंड्यात भरायची, मग पाझरून यायची वाट बघत बसायची. हंडा अर्धा होईपर्यंत आम्ही तिघांनी घरदार, पोरंबाळं, सगळं बोलून संपवलं.

मॅडमचा हात तसाच काळा होता. बाई म्हणाली, "हात धुवून घे गो बाय." मॅडमनी मान हलवली. "हे हात धुवायचं पाणी नाही, मावशी."

येताना भरलेला हंडा त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतला. दोनदा बसल्या. नंतर वहीत त्या वाडीची दोन अंतरं लिहिली.

धसईला माझ्या सासूबाईंनी तांब्या पुढं केला तेव्हाही त्यांनी डाव्या हातानं पाणी घेऊन फक्त प्यायलं. जीपमध्ये माणसं त्या हाताकडे बघत होती. मुरबाड जवळ आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, मी तिचं पाणी तोडलंय." मी म्हणालो, तिला पाणी नव्हतंच. त्या म्हणाल्या, "आता मिळणारही नाही. माझ्या नकाशात तिच्या दाराशी तळं आहे."

सोमवारी मॅडमनी सगळ्या मुलांना एका टेबलाभोवती बोलावलं. रुमालात बांधून आणलेली राख टेबलावर ओतली. "हे काय आहे?"

"राब," तिघं-चौघं एकदम म्हणाले. एक जण हसलाही. त्याच्या घरी आदल्याच आठवड्यात भाजणी झाली होती.

मग त्यांनी स्क्रीनवर वरच्या वाडीचा काळा डाग मोठा केला. "आणि हे?"

हसणारा मुलगा खुर्ची ओढून खाली बसला. लहानपणापासून ज्या धुरात ही मुलं वाढली, ज्या राखेत त्यांचे पाय काळे झाले, ती जागा त्यांनी कधी वरून बघितलीच नव्हती. वरून ती त्यांना पाणी वाटली. मॅडमना खालचं ठाऊक नव्हतं, मुलांना वरचं. दोघांच्या मधून ती वाडी निसटली होती.

"चूक माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "नियम माझा होता आणि मीच मोडला. तुम्ही फक्त एवढं सांगा, अशा किती वाड्या?"

भिंतीवर जेवढे "न" उरले होते, त्यांतला कुठलाही निळा राब असू शकत होता.

मालकांचा फोन दुपारी आला. माझं टेबल शेजारीच होतं, मला इकडचं बोलणं ऐकू येत होतं.

"नाही साहेब, पुढच्या वर्षी नाही... हळूच दुरुस्त करून काय उपयोग, यादी तर जुन्या नकाशावर निघेल... पावसाआधीच करायला हवं. एकदा पाऊस पडला की प्रत्येक खड्ड्यात पाणी साठतं, मग माझा नकाशा बरोबरच दिसेल... हो, पुढचं काम मिळणार नाही, कळतंय मला... पत्रावर कंपनीचं नाव नको असेल तर माझं घालते. सही माझीच आहे."

फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुम्ही आकड्यांचे. माझं चुकतंय का?"

मी म्हणालो, "बेरीज चुकली की वरपासून करायची."

मुरबाडच्या बैठकीला त्या मला बरोबर घेऊन गेल्या. यादी अंतिम करायलाच ती बैठक होती. अधिकारी नकाशाचं कौतुक करत होते, तेवढ्यात मॅडम उभ्या राहिल्या.

"नकाशात चूक आहे. यादी थांबवा."

अधिकारी हसले. "मॅडम, नकाशा तुमचाच ना?"

"माझाच. म्हणून मीच सांगायला आलेय."

"म्हणजे सगळाच नकाशा टाकून द्यायचा?"

"नाही. जिथं आमचा हात लागलाय तिथं तो बरोबर आहे. जिथं नाही, तिथल्या निळ्यावर विश्वास ठेवू नका." आणि त्यांनी राबाची सगळी गोष्ट सांगितली, हात घातला तिथपासून. आपण कुठं शिकलो, किती वर्षं हे काम केलं, यातल्या कशाचाही आडोसा घेतला नाही. मागच्या बाकावरचे दोन सरपंच आधी हसायला लागले. राबाला तळं म्हणणारी बाई त्यांनी कुठं बघितली होती? मग वाड्यांची नावं येऊ लागली तसे ते पुढं झुकून ऐकू लागले. एक उठून म्हणाला, "आमची वाडी बी बघा मॅडम. आमचं बी तळं असंल तसलंच."

मुदत मिळाली, पावसापर्यंत. त्यानंतरचे दिवस आमच्या कार्यालयात संगणक झाकलेले होते. सगळी मुलं डोंगरात. मीसुद्धा हजेरीपट बंद करून चालत होतो, वयाच्या चाळिशीत. संध्याकाळी परत येणाऱ्याला मॅडम तेच विचारायच्या, "ओलं झालं का?" आणि मुलं न बोलता तळहात पुढं करायची. बरेच ओले होते. काही काळे होते. काळा हात आला, की मॅडम भिंतीवरचा निळा स्वतःच्या हातानं पांढरा करायच्या. पहिली मोठी सर आली, त्याच्या आदल्या दिवशी शेवटचा "न" पुसला गेला. दुरुस्त यादीत वरची वाडी आली.

कंपनीला पुढचं काम मिळालं नाही. वर्ष संपता मॅडमची बदली लांब झाली, जिथं त्यांच्या हाताखाली एकही माणूस नव्हता. त्या गेल्या त्या दिवशी निरोपाचं भाषण वगैरे त्यांनी करू दिलं नाही. आम्हाला गच्चीवर नेलं, डोळे मिटायला लावले आणि विचारलं, "वरची वाडी कुठे?" डोळे उघडले तेव्हा सगळी बोटं एकाच दिशेला होती. गिरणीवाल्याचंसुद्धा.

नवे साहेब आले त्यांनी पहिल्याच आठवड्यात टेबलं भिंतीला लावून घेतली. माझं मी लावू दिलं नाही.

मी आयुष्यभर चुका शोधल्या. इतरांच्या. चूक सापडली की माणूस काय करतो, हेही पुष्कळ बघितलं. तो आधी इकडे-तिकडे बघतो. मॅडमनी तसं बघितलेलं मला आठवत नाही. त्यांना फक्त ती दोन हंड्यांची बाई दिसत होती.

वरच्या वाडीच्या योजनेला वेळ लागला. डोंगरावरच्या लांबच्या झऱ्यापासून नळ आला तो दोन पावसाळ्यांनंतर. मॅडमना कुठून कळलं कुणास ठाऊक, पण त्यांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार नाही. "भाऊसाहेब, वरच्या वाडीला पाणी आलं म्हणतात. नकाशावर ती जागा अजून पांढरी असेल. जाऊन या."

रविवारी गेलो. वाडीच्या मधोमध नळ होता आणि त्याच्यासमोर तीच मावशी. मला ओळखलं. "त्या फोटूवाल्या बाय नाय आल्या?" मी म्हणालो, त्या लांब असतात. "मंग तुमी कशाला आलाव?"

"हात घालायला."

"घाला, घाला," ती म्हणाली, आणि तिनं तोटी अशी काही सोडली, की माझी बाही कोपरापर्यंत भिजली. आजूबाजूच्या बायका हसल्या. मी तसाच ओल्या हातानं थोडं वर, जिथं रेंज येते तिथं चढलो आणि फोन लावला.

"बोला," मॅडम म्हणाल्या.

"ओलं झालं."

त्यांनी विचारलं, "कुठल्या बाजूला तोंड करून उभे आहात?"

मी बघितलं. विचार न करता उभा राहिलो होतो.

"उत्तरेला."

"मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "द्या निळा."